जांभूळआत्या

आत्याला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारायचा, "जांभळं कुठी भेटली वो बाई, या दिवसात?" कारण तिचे ओठ बारा महिने जांभळे असत. जीभही तशीच. नखं दौतीत बुडवून काढल्यासारखी निळी, आणि बोटांची टोकं जाड, गोलसर. गावातल्या पोरांनी तिचं नाव जांभूळआत्या ठेवलं होतं आणि तिला ते आवडायचंही. "माह्या छातीत झाड हाय जांभळाचं," चेहऱ्यावरची रेघही न हलवता ती सांगायची. विचारणारा हसून पुढे जायचा. आम्हाला घरच्यांना मात्र त्या वाक्यावर कधी हसू आलं नाही. झाड नव्हतं, पण जे होतं ते जन्मापासून तिच्या छातीत होतं आणि तिच्याबरोबर वाढत होतं.

ती माझ्या बाबांची मोठी बहीण. तिचं लग्न झालं नाही, त्यामुळे ती कायम आमच्याच घरी राहिली. दर्यापूरकडचं आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळी कुळकुळीत, कापूस पिकवणारी, आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवणार नाही इतकं खारट. प्यायचं गोड पाणी टँकरनं यायचं. त्यातली पहिली कळशी आत्याची. तिला हात लावायची कोणाची टाप नव्हती, बाबांचीसुद्धा. "तुमाले तहान लागते, मले रगत पातळ ठेवा लागते," ती म्हणायची. तिचं रक्त काकवीसारखं घट्ट होत चाललंय असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की ते आणखी घट्ट व्हायचं. चैत्र लागला की ती टँकरची वाट अशी पाहायची की आम्हीही श्वास रोखून रस्त्याकडे बघत बसायचो.

तिचं सगळं सावकाश. अंगणातून ओसरीवर यायचं तरी वाटेत खाटेवर एक थांबा. तिला घेऊन देवळात जायचं म्हणजे आरतीला निघून प्रसादाला पोहोचायचं. "दमानं माय, दमानं, गाडी काई सुटून नाई राहिली," हे ती दुसऱ्यांना कमी आणि स्वतःला जास्त सांगायची. एका गोष्टीची मात्र तिला घाई असे, ती म्हणजे आमचे दात. जेवण झाल्या झाल्या चुळा भरायला लावायची, सकाळी समोर उभी राहून दात घासून घ्यायची. दाताची घाण रक्तातून थेट दिलात जाते, असं तिला डॉक्टरांनी बजावलं होतं. ते तिच्यासाठी आणि माझ्यासाठी होतं. पण तिनं त्यात सगळ्या आळीची पोरं ओढली. तिच्या धाकानं आमच्या आळीत एकाही पोराचा दात किडला नाही.

माझ्यासाठी का, ते सांगते. माझ्याही हृदयाच्या मधल्या पडद्याला जन्मतः छिद्र होतं. त्यातून रक्त जोरानं पलीकडे जायचं आणि छातीवर हात ठेवला तर खाली मांजर गुरगुरल्यासारखं लागायचं. आमच्या घरात त्या दुखण्याला मांजरच म्हणत. रोज संध्याकाळी, उजेड आहे तोवर, आत्या मला समोर बसवायची. आधी माझे हात उजेडाकडे धरून नखं बघायची. मग तळवा माझ्या छातीवर डाव्या बाजूला ठेवून डोळे मिटायची. थोड्या वेळानं म्हणायची, "जागी हाय मांजर. जा, खेळ." मला वाटायचं, सगळ्याच घरांत आत्या असं करतात.

मांजर हे नाव माझ्यामुळे पडलेलं नव्हतं. ते आत्याच्या लहानपणीचं. तीही अशीच जन्मली होती. दूध पिताना घामानं भिजायची, दर पावसाळ्यात छाती भरायची, हातापायांच्या काड्या. पोटावर तिला तापल्या विळ्यानं डागलं होतं, त्याचे दोन डाग शेवटपर्यंत होते. सगळे उपाय थकले तेव्हा तिच्या आईनं गावाबाहेरच्या दर्ग्यात नवस बोलला, की पोरीच्या छातीतली मांजर जाऊ दे, तिला गुळानं तोलीन. आमच्याकडे त्या दर्ग्याला सगळेच बोलतात, त्यात हिंदू-मुसलमान असं काही नाही. आणि आत्या शाळेत जाण्याएवढी झाली तेव्हा मांजर खरोखरच गेली. खोकला थांबला, अंग भरलं, पोरगी पळायला लागली. तिला तराजूत बसवून गुळानं तोललं आणि सगळ्या गावानं तो गूळ खाल्ला. "मी तवा पोराइसंग लंगडी खेळो," ती सांगायची, "अन् पोराइले हारवो." तिच्या आयुष्यातली ती तीन-चार वर्षंच काय ती सुखाची.

मग हळूहळू ओठ काळवंडले. न्हाण येईपर्यंत जिना चढताना दम लागायला लागला. मुलगी पाहायला आलेल्या लोकांनी चहा पिता पिता एकमेकांकडे पाहिलं आणि परत निरोप धाडला नाही. गेलेल्या मांजरीचा आणि या निळेपणाचा काही संबंध असेल असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. ती तिशीला आली आणि खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा कुठे तिला नागपूरला नेलं. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. लेकरू होऊ देऊ नको, त्यात तूच जाशील, हेही सांगितलं. "बरं झालं बाप्पा कोनं केली नाई," असं म्हणत आत्या घरी आली आणि आठवडाभर कोणाशी बोलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी काढलेलं चित्र तिनं वावरात आणून बसवलं. कोणी विचारलं की सांगायची, "वरचं वावर अन् खालचं वावर. मधातला धुरा फुटला. मंग वरचं पानी धो धो खाली जाते, त्याचा आवाज येते. खालचं वावर पानी साचून चिबडते. पन पानी संग गाळ आनते ना! गाळानं खालचं वावर दरसाल वर येते, वर येते, अन् एक दिवस दोघाइची पातळी सारखी. आवाज बंद. मानूस म्हनते, धुरा बुजला. कायचा बुजते! मंग खालचं अजून वर चढते, अन् खारं पानी उलटं गोड्यात शिरते. थे हे," आणि आपली नखं दाखवायची. धुरा म्हणजे बांध, तो तिच्या हृदयाचा पडदा, आणि खालचं वावर म्हणजे तिची फुफ्फुसं. एकदा बाबा म्हणाले, "मंग आता धुरा बांधून टाकत नाईत काय?" ती म्हणाली, "आता बांधला तं पानी जाईन कुठी? दिलच फुटन. आता थो फुटका धुराच मले जगवून राहिला."

माझं दुखणं दर्यापूरला शाळेत भरलेल्या शिबिरात सापडलं. शिबिर घेणारे ऑपरेशनही करून देणार होते. पण बाबांच्यानं हो म्हणवेना. आधी म्हणाले वेचणी होऊ द्या, मग म्हणाले पेरणी होऊ द्या. ते निर्दयी नव्हते. माझ्या छातीला सुरी लागणार हे त्यांना बघवत नव्हतं. आईची काळजी निराळी. एकदा ती चुलीपाशी रडत म्हणाली, "पोरीच्या छातीवर एवढी शिवण दिसन, तिले करन कोन?" आत्या तिथेच भाजी निवडत होती. म्हणाली, "मले कोन केलं व? माह्या छातीवर तं एकबी शिवण नाई." त्यानंतर आईनं शिवणीचं नाव काढलं नाही.

मी पहिलीत गेले आणि त्या हिवाळ्यात माझा खोकला थांबला. जेवण वाढलं, गाल वर आले, फ्रॉक आखूड झाले. आईनं छातीला कान लावला तर मांजर नाही, म्हणजे अगदी लांबून, झोपेत असल्यासारखी. घरात दिवाळी परत आल्यासारखं झालं. बाबांनी माझ्या नावानं बोललेला नवस उन्हाळ्यात फेडायचं ठरवलं. तोच दर्गा, तोच गूळ. कापूस वेचणाऱ्या बायांचा कापूस तोलायचा आमचा मोठा तराजू घासूनपुसून ठेवला. आणि आत्या? तिनं संध्याकाळी माझ्या छातीवर हात ठेवला आणि उचललाच नाही. पुन्हा ठेवला. मग कान लावला. मला आठवतं, तिचा कान गार होता. "खेळायला जाऊ?" मी विचारलं. ती म्हणाली, "नको माय. इथीच बस."

तिनं त्याच रात्री बाबांना सांगितलं की मांजर गेलेली नाही, पाण्याची पातळी सारखी होत आहे. बाबांनी हात जोडले. "ताई, तुह्या वेळी तसं झालं म्हून हिच्याबी वेळी तसंच होईन काय? पोट्टी पळून राहिली, खाऊन राहिली. चांगल्या लेकराले कापाले नेऊ?" खरं सांगायचं तर समोर मी अंगणात उड्या मारत होते आणि माझ्याकडे पाहून कोणीही बाबांचंच म्हणणं खरं मानलं असतं. आत्यानं वाद घातला नाही. वाद घालण्याइतका श्वास तिच्याकडे नसायचा, तो ती कामासाठी राखून ठेवायची.

उन्हाळा तापला तेव्हा तिनं घरात सांगितलं की नवसासाठी रंजूला, म्हणजे मला, अमरावतीहून नवा फ्रॉक आणते. उन्हात पाऊल बाहेर न टाकणारी बाई अमरावतीला निघाली, तरी कोणाला संशय आला नाही, इतके सगळे खुशीत होते. रशीदचाचा अमरावतीपर्यंत जीप चालवायचे. त्यांनी आम्हाला पुढे बसवलं आणि तिच्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "आपा, इतनी धूप में? कल सवेरे जल्दी चलेंगे ना." ती म्हणाली, "उद्या डाक्टरीन नसन." तेव्हा चाचांना आणि मला कळलं की आम्ही फ्रॉक आणायला चाललो नाही. नागपूरच्या त्याच डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा अमरावतीला यायच्या. जीप भरभरून चालली होती, टपावरही माणसं. आत्यानं पाण्याची बाटली मांडीत धरली होती आणि घोटघोट पीत होती. वाटेत बोलली एकदाच. "पानी सांडू नको व," माझा धक्का लागला तेव्हा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई वरच्या मजल्यावर. भारनियमन चालू, लिफ्ट बंद. चाचा म्हणाले, मी हिला उचलून नेतो, तुम्ही खाली बसा. आत्यानं ऐकलं नाही. पोरीबरोबर घरचं माणूस नसलं तर डॉक्टर बोलायचे नाहीत, असं तिच्या मनानं घेतलं होतं. ती पायरीवर बसायची, श्वास गोळा करायची, एक पायरी चढायची, पुन्हा बसायची. माणसं तिला ओलांडून वर जात होती. मी तिचा हात धरून उभी होते आणि तिच्या बोटांचा रंग निळ्याचा काळा होताना पाहत होते. वर पोहोचल्यावर ती भिंतीला धरून खाली घसरली.

ती वर्षं आमच्या भागात वाईट होती. कापसाला भाव नाही, पाऊस दगा देणारा, आणि गावोगाव माणसं फवारणीचं औषध पिऊन जात होती. काळानिळा पडलेला माणूस दवाखान्यात आला की पहिला प्रश्न ठरलेला. "काय घेतलं बाईनं? डबा आनला काय औषधाचा?" कोणीतरी ओरडलं. दोघांनी तिला उचलून टेबलावर टाकलं. पोट धुवायची नळी आली. आत्याच्या तोंडातून शब्द फुटेना, ती नुसती मान हलवत होती. आणि विष घेतलेली माणसंही तशीच मान हलवत असावीत, कारण कोणी थांबेना. मी रडायला लागले. रशीदचाचा मध्ये घुसले आणि नळीच हातानं धरली. "अरे कुछ नहीं पिया उसने! पैदाइशी दिल की मरीज है! पैदाइशी!" त्या आवाजानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी तिला नखांवरून ओळखलं. ऑक्सिजन लावला. तिला जरा बरं वाटलं तशी तिनं तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "मले राहू द्या. हिले पाहा. हिचा आवाज बंद होऊन राहिला."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीला बराच वेळ नळी लावली, मग यंत्रावर पाहिलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि आत्या माझ्याकडे. शेवटी त्या म्हणाल्या, "दाब चढलाय. पण अजून तुमच्यासारखं झालेलं नाही. शुक्रवारी नागपूरला आणा, पायातून नळी घालून दाब मोजू. प्राणवायू दिल्यावर दाब उतरला, तर लगेच ऑपरेशन करू. आता नाही आणलं, तर मग मीच नाही म्हणेन." आत्यानं डोळे मिटले. बाबांनी नवसासाठी ठरवलेला दिवस शुक्रवारच्या आदल्या दिवशीचा, गुरुवारचा होता.

घरी जे झालं ते मला दाराआडून ऐकू आलं. बाबा इतके चिडलेले मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. खोटं बोलून पोरीला नेलं म्हणून, स्वतःचा जीव उन्हात टाकला म्हणून. आणि खरं कारण शेवटी निघालं. नवस फेडून दुसऱ्याच दिवशी पोरीला ऑपरेशनला नेली आणि काही झालं, तर देवाला तोंड कसं दाखवायचं? "गुरुवारी गूळ तोलीन," ते म्हणाले, "अन् नागपूरचं नाव या घरात कोनं घ्याचं नाई." आई मध्ये पडली नाही. आत्या खाटेवर पडून होती. तिनं पाणी मागितलं आणि पाणी पिऊन भिंतीकडे तोंड केलं.

गुरुवारी सकाळी आम्ही गूळ घेऊन, नवे कपडे घालून, आळीतली माणसं बरोबर घेऊन दर्ग्याला निघालो. आत्या खाटेवर नव्हती. आईला वाटलं, रागावून शेजारी गेली असेल. दर्गा गावाबाहेर, टेकाडावर. तिथल्या कडुनिंबाला बाबांनी आदल्या दिवशीच तराजू टांगून ठेवला होता. आम्ही वर पोहोचलो आणि बाबांच्या डोक्यावरची गुळाची टोपली डोक्यावरच राहिली. तराजूच्या पारड्यात आत्या बसली होती. पारडं जमिनीला टेकलं होतं, ती गुडघे पोटाशी घेऊन, बाटली मांडीत धरून बसली होती. कधी निघाली होती देव जाणे. सगळ्यांच्या आधी ती जन्मात कुठे पोहोचली नव्हती.

"गजा," ती बाबांना म्हणाली, "आधी मले तोल." बाबा म्हणाले, "ताई, उठ. लोक पाहून राहिले." ती म्हणाली, "पाहू दे ना. त्याइलेच दाखवाले आली मी." तिनं दोन्ही हात पुढे केले, नखं वर करून. "याच झाडाखाली मले तोललं होतं. माहीबी मांजर गेली होती. सगळ्या गावानं गूळ खाल्ला माह्या बरं होन्याचा. पाहा आता. हे गुळानं बरी झालेली पोरगी." बाया पदर तोंडाला लावून उभ्या. ज्या म्हाताऱ्यांनी तो गूळ खाल्ला होता, त्यातल्या एक-दोघी मान खाली घालून मागे सरकल्या. बोलताना तिला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं, आणि ती थांबली की तिचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता.

बाबांनी टोपली खाली ठेवली आणि तिथेच मातीत बसले. मग हळूच, फक्त तिला ऐकू जावं असं म्हणाले, "ताई, पोरगी परत नाई आली तं?" आत्या म्हणाली, "नाई आली तं आपन दोघं जलमभर रडू. पन नाई नेली तं थे रडन. एकटी. कोनाले न सांगता. मी रडली तशी." मला वाटतं, सख्खी बहीण आयुष्यभर घरात असून ती रडत होती, हे बाबांना त्या दिवशी समजलं. दर्ग्याचे मुजावर पुढे आले आणि टोपलीवर त्यांनी आपल्या खांद्यावरचं फडकं टाकलं. "गजाननभाऊ, मन्नत कहीं भागी नहीं जा रही. पहले बच्ची." टेकाडाखाली रशीदचाचांची जीप उभीच होती. ती तिनं सांगून ठेवली होती की ते आपणहून आले होते, हे दोघांनीही कधी सांगितलं नाही.

नागपुरात दाब मोजला आणि तो उतरला. माझं ऑपरेशन झालं. मला फक्त छताचा पंखा आणि तहान आठवते. गळ्याखालून पोटापर्यंत आलेली शिवण घेऊन मी घरी परतले, तेव्हा आत्या खाटेला खिळली होती. त्या उन्हातून ती पुरती उठलीच नाही, पुढे चालली ती भिंतीच्या आधारानं. तिनं मला जवळ बसवलं, शिवण टाळून बाजूला तळवा ठेवला. मांजर नव्हती. "गेली ना?" मी विचारलं. ती म्हणाली, "पाहू. दमानं."

आणि ते 'पाहू' बारा-तेरा वर्षं चाललं. बाबा दर वर्षी विचारायचे, "ताई, आता फेडू नवस?" ती म्हणायची, "कायची घाई हाय? एकदा घाई केली ना आपन." ऑपरेशन झालं म्हणजे काम संपलं असं मानायला ती तयार नव्हती. दर वर्षी मला नागपूरला दाखवायला न्यायला लावायची आणि परत आले की डॉक्टर काय म्हणाल्या ते शब्दन् शब्द विचारायची. संध्याकाळची नखं मी कॉलेजात गेले तरी चुकली नाहीत. मैत्रिणींसमोर मला लाज वाटायची, मी हात मागे घ्यायचे. ती हसायची आणि हात पुढे यायची वाट पाहायची.

या वर्षांत तिचं स्वतःचं एकेक कमी होत गेलं. आधी देऊळ बंद झालं, मग शेजार, मग स्वयंपाकघर. डोकं ठणकायचं, पायांवर सूज यायची. कधी रुमालात रक्त पडायचं, तो रुमाल ती स्वतः धुवायची. तिचं जग ओसरीतल्या खाटेएवढं उरलं, पण तिथून ती सगळ्या आळीचे दात पाहत होती. दर उन्हाळ्यात आम्हाला वाटायचं हा शेवटचा, आणि दर मृगाला ती म्हणायची, "चला, निघाला याहीबारचा."

एक उन्हाळा निघाला नाही. आम्ही तिला अकोल्याला नेलं. तिथेही दारातच कोणीतरी विचारलं, "काय घेतलं बाईनं?" या वेळी बाबा पुढे झाले. "काही घेतलं नाही," ते म्हणाले, "जन्मापासूनचं आहे," आणि सगळा इतिहास त्यांनी न अडखळता सांगितला. तिसऱ्या प्रहरी आत्यानं मला वाकायला सांगितलं. माझ्या छातीला कान लावला. नर्स काहीतरी बोलायला आली, तिला तिनं हातानं थांबवलं. खूप वेळ ऐकलं. मग म्हणाली, "गेली. आता गेली. सांग तुह्या बापाले, गूळ आन म्हना." मला काय सुचलं कोण जाणे, मी पहिल्यांदाच माझा कान तिच्या छातीला लावला. "काय आयकू येते व?" तिनं विचारलं. धडधड होती, जड, थकलेली. मी म्हणाले, "मांजर नाही गं आत्या." ती हसली, ते जांभळे ओठ जरासे फाकले. "माही तं कवाचीच गेली होती," म्हणाली. त्याच आठवड्यात ती गेली.

दिवसकार्य आटोपल्यावर बाबांनी तराजू माळ्यावरून काढला आणि दर्ग्याच्या त्याच कडुनिंबाला टांगला. कॉलेजात जाणारी घोडी पारड्यात बसली म्हणून आळीतल्या बाया हसल्या, आणि हसता हसता बऱ्याच जणींनी डोळे पुसले. मुजावर म्हातारे झाले होते, त्यांना खुर्ची दिली होती. रशीदचाचांनी पारड्याचा दोर धरला. आईनं गुळाची पहिली भेली उचलली. तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब." ते माझ्याजवळ येऊन वाकले, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि उजेडाकडे धरले. एकेक नख पाहिलं, सावकाश, घाई न करता. मग म्हणाले, "हं. ठेव आता."